शेंदूर लावलेलं पिल्लू

लेकुरवाळी म्हणून माझी ओटी आयुष्यात एकदाच भरली गेली, आणि तेव्हा माझ्या मांडीवर वानराचं पिल्लू होतं. हे वाक्य मी कुणाला तोंडाने सांगू शकत नाही. लिहितानासुद्धा कान तापतात. लाज वाटली की माझे कान आधी तापतात, मग मान, आणि मग जीभ अशी सुटते की समोरच्याची खैर नसते. त्या दोन दिवसांत लाज वाटण्यासारखं इतकं काही घडलं, की त्यातली गावाची किती, घराची किती आणि माझी किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडचं, डोंगराच्या बाजूला सरकलेलं. मी घरी ब्लाउज शिवते. मशीन ओसरीवर. तिथून मारोतीचं देऊळ दिसतं, देवळापुढचा लिंब दिसतो आणि लिंबाला खेटून उभी असलेली विजेची डीपी दिसते. वानरांची टोळी पूर्वी डोंगरातच असायची, पळस-अंजनाचा पाला खायची आणि क्वचित गावात यायची. मग लोकांनी शनिवारी त्यांना बिस्किटं टाकायला सुरुवात केली. फुटाणे, केळी, शिळ्या पोळ्या. मारोतीचं रूप म्हणून. आता टोळी शनिवार ओळखते असं आमच्याकडे कौतुकाने सांगतात. तीच टोळी रविवारी गच्चीवरच्या कुरडया खाते तेव्हा त्याच तोंडाने तिला शिव्या देतात. मीही देते. माझ्या शिव्या गावात नावाजलेल्या आहेत.

त्या शनिवारी मी झबलं आणि कुंची शिवत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या जावेच्या नातवाचं बारसं होतं. आमची घरं भिंतीला भिंत लागून. एका घराची दोन घरं झाली, पण गच्चीवरून अजून हाकेसरशी भाजीची वाटी इकडची तिकडे जाते. घरातल्या प्रत्येक लेकराची कुंची माझ्याच हातची. माप मला पाठ, लेस मी पदरची लावते. पण ती कुंची लेकराला घालायची वेळ येते तेव्हा मी स्वयंपाकघरात असते.

कुणी मला कधी नको म्हटलं नाही. हे आधी सांगते, नाहीतर आमच्या माणसांवर अन्याय होईल. बारशाला बाया पाळण्याच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात, एक वरून लेकरू देते, दुसरी खालून घेते, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ चालतं. तर ती रांग लागायच्या बरोबर वेळेला कुणाला तरी घुगऱ्यांची आठवण होते. ‘काकू, तेवढ्या घुगऱ्या पाहाजा बरं, करपतीन.’ आणि मी उठते. इतक्या बारशांना मी उठले आहे की आता कुणी आठवण करून द्यायच्या आधीच उठते. मला मूल झालं नाही, एवढीच गोष्ट. तिच्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. फक्त घुगऱ्या कधी करपल्या नाहीत.

कुंचीची लेस लावत होते आणि डीपीवर धाडकन आवाज झाला. पंखा बंद पडला. बाहेर आले तर लिंबाखाली एक वानरीण पडलेली. लिंबावरून उडी मारताना तारेला लागली होती. मेलीच होती. पण तिच्या छातीला एक पिल्लू चिकटलेलं होतं आणि ते जिवंत होतं. काळपट केस, तोंड अजून गुलाबी, कान एवढाले. ते मेलेल्या आईचं दूध ओढत होतं.

वानर मेलं की आमच्याकडे माणसासारखी अंत्ययात्रा काढतात. दुकानं लागली बंद व्हायला. भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन आली. वानरिणीला खुर्चीत बसवलं, हार घातले, गुलाल उधळला. पिल्लाला तिच्या अंगावरून ओढून काढलं तेव्हा ते किंचाळत राहिलं. मिरवणूक निघाली. खालून मिरवणूक आणि वरून टोळी. कौलांवरून, पत्र्यांवरून, गच्च्यांवरून त्या वानरिणी आमच्याबरोबर चालल्या होत्या, वाकून वाकून खाली पाहत होत्या, घशातून खोल आवाज काढत होत्या. लोक हात जोडून म्हणत होते, ‘पाहा, तेही दर्शनाले आले.’ मीही हात जोडले. ते दर्शनाला आलेले नव्हते. पण हे कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

पिल्लाला देवळात नेलं. तेलात कालवलेला मारोतीचा शेंदूर त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत फासला. आता हे कुणाकडे द्यायचं असा प्रश्न निघाला, आणि माझी जाऊ सगळ्या गावादेखत म्हणाली, “आमच्या धाकलीकडं द्या. तिच्याजवळ लेकरू नाई, घर मोकळं हाये. देवानं तिच्यासाठीच धाडलं हे.”

तिने वाईट मनाने म्हटलं नाही. इतकी वर्षं जे घुगऱ्यांच्या आड होतं ते तिने मारोतीच्या पारावर काढून ठेवलं. बायाबाप्ये माझ्याकडे वळून पाहू लागले. कान तापले, मान तापली. पण जीभ सुटायच्या आत कुणीतरी ते पिल्लू माझ्या अंगावर दिलं आणि त्याने माझ्या ब्लाउजची हूकपट्टी मुठीत धरली.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हूकपट्ट्या शिवल्या. माझी अशी कुणी धरली नव्हती. मूठ केवढीशी, पण सोडवता सुटेना. मला ते आवडलं. फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

दुपारी बाया येऊ लागल्या. दर्शनाला. मला पाटावर बसवलं, मांडीवर पिल्लू. आधी त्याला हळदकुंकू, मग मला. मग कुणाच्या तरी मनात आलं की ओटी भरावी. गहू, नारळ, खण. ज्या बायांच्या डोहाळजेवणाचे ब्लाउज मी शिवले आणि ज्यांनी मला ओटी भरायला कधी पुढे बोलावलं नाही, त्याच माझ्या पदरात गहू घालत होत्या. एक गरोदर पोरगी माझ्या पायाशी वाकली. मला हसू येत होतं, राग येत होता, आणि त्याच वेळी आत कुठेतरी मी फुगत होते. पदर मी जरा जास्तच ऐसपैस धरला होता. खणांवर माझी नजर होती. आता हे खण शिवायला कुणाकडे न्यायचे, मीच शिवणार, असाही विचार आला.

जावेने साखर घातलेलं दूध आणलं, दुधात कालवलेलं बिस्किट आणलं. कापसाच्या बोळ्याने पाजलं. पिल्लाने थोडं ओढलं आणि सगळं माझ्या लुगड्यावर ओकलं. मग ते आपला शेंदरी हात चाटत बसलं. समोरच्या भिंतीवर टोळीतल्या चारदोन वानरिणी येऊन बसल्या होत्या. त्यातली शेपूट तुटलेली एक जण खाली उतरली, अंगणात चार पावलं आली आणि मान लांब करून माझ्या मांडीकडे पाहू लागली. बाया ‘हाड हाड’ करून ओरडल्या. मी बसल्या जागेवरून माझी लाकडी पट्टी उचलून तिच्यावर उगारली. ती मागे सरली, पण गेली नाही. माझ्या मनात काय आलं होतं ते लिहिते. हे आता माझं आहे, असं आलं होतं.

दिवस कलला, बाया पांगल्या आणि माझ्या भाचीचा फोन आला. ही माझ्या बहिणीची पोरगी, बुलढाण्याची. पानं खाणाऱ्या माकडांचा अभ्यास करायला दूर समुद्रातल्या एका बेटावर जाऊन राहिली आहे. तिथली माकडं आपल्या वानरांच्याच भावकीतली, पण काळीभोर. जंगल तोडून तेलाच्या ताडांची शेती करतात, म्हणून त्यांना राहायला जागा उरली नाही आणि ती संपत चालली आहेत, असं ती दर फोनला सांगते. ते तेल आमच्या किराणा दुकानात पिशवीतून येतं आणि मी त्यात भजी तळते, हे ती मला सांगत नाही. ते माझं मलाच कळलं, पिशवीवर वाचून. तळणं बंद झालेलं नाही. तर तिने धाडलेल्या फोटोंत एक गंमत होती. काळ्या आईच्या कडेवर केशरी पिल्लू. जन्मतात तीच केशरी. टोळीतल्या सगळ्या बायांना लेकरू लांबून दिसावं, सगळ्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी, यासाठी तो रंग असावा असं ती म्हणायची.

मी मोठ्या तोऱ्यात तिला फोनवर माझं पिल्लू दाखवलं. म्हटलं, “पाय, माह्यंही केशरी!”

ती हसली नाही. “मावशी, याले शेंदूर कोनं लावला?”

“देवळात लावला व. मारोतीचं रूप हाये ते.”

“अन ते हात चाटून राह्यलं! शेंदरात इख असते मावशी. आत्ताच्या आत्ता पूस. दूध-बिस्कुट बंद कर. पाला खानाऱ्यायचं पोट आपल्यासारखं नसते.”

“मंग उपाशी ठेवू का त्याले?”

“त्याच्या मावश्या कुठी हायेत?”

तिने मावश्या म्हटलं. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलते आहे. मग कळलं. मी म्हटलं, “भिंतीवर बसल्या. सकाळपासून ओरडून राह्यल्या.”

“मंग तू काऊन धरून बसली?”

मी पिल्लावर पदर ओढून घेतला. ती सांगत होती. यायच्यात लेकरू एकटीचं नसते मावशी. आई जिवंत असली तरी बाकीच्या बाया त्याले घेऊन हिंडतात. आई मेली तर कोनी दूधवाली असली तं पाजते. पाजीनच असं नाई, पन त्याच्याशिवाय दुसरी आशा नाई. आता अंधार पडला की टोळी झाडावर बसून जाईन. सकाळीच गच्चीवर ठेव अन समद्यायले लांब कर. अजून एक दिवस गेला तं ते वाचनार नाई.

वनखात्याच्या माणसालाही फोन लावला. तोही हेच म्हणाला. सकाळी येतो म्हणाला, तोवर माणसं जवळ येऊ देऊ नका म्हणाला.

मी फोन ठेवला आणि मांडीवरच्या त्या शेंदरी गोळ्याकडे पाहत राहिले. त्या बेटावर लेकरू ओळखू यावं म्हणून निसर्ग त्याला केशरी करतो. आम्ही केशरी केलं ते आमच्यासाठी. सकाळची मिरवणूक आठवली. त्या बाया छपरांवरून आमच्यामागे पिल्लासाठी येत होत्या, आणि आम्ही टाळ वाजवत होतो. ती शेपूटतुटकी आली होती आणि मी तिच्यावर पट्टी उगारली होती. एवढी लाज मला कुणाच्या बोलण्याने कधी वाटली नव्हती. ही कुणी न बोलता वाटली.

शेंदूर पाण्याने निघत नाही. खोबरेल तेल कोमट केलं, मलमलच्या चिंध्या घेतल्या आणि हळूहळू पुसायला बसले. पाठ, पोट, बोटांच्या बेचक्या. पिल्लू थकून गेलं होतं, ओरडतही नव्हतं. एवढ्यात जाऊ उद्याच्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडलेत का ते पाहायला आली. दारातच थबकली.

“देवाचा शेंदूर पुसून राह्यली?”

मी म्हटलं, “बाई, पोटात गेला तं मरीन ते.”

“अवदसा आठवली काय व तुले? गावानं देव तुह्या पदरात टाकला अन तू त्याचा शेंदूर पुसतं? म्हनूनच देवानं तुही कूस...”

तिथे ती थांबली. पुढचा शब्द तिने गिळला, पण तो घरभर पडला होता. मग गिळलेल्या शब्दाच्या जागी तिने दुसरं काहीतरी टाकलं. “उद्या माह्या नातवाले हात लावू नोको.”

मी म्हटलं, “आजवर कधी लावू देला?”

एवढंच. बाकीच्या शिव्या मला सुचल्याच नाहीत. ती गेली. इतकी वर्षं ज्या गोष्टीला तोंड नव्हतं तिला त्या संध्याकाळी दोघींनी मिळून तोंड दिलं, आणि मोकळं वाटायच्या ऐवजी मला उघडं पडल्यासारखं वाटलं. मी चिंधी तेलात बुडवली आणि कान पुसायला घेतले.

सकाळी उजाडता उजाडता गच्चीवर गेले. टोपलीत मऊ चिंध्या, चिंध्यांत पिल्लू. कानाच्या घडीत थोडा शेंदूर राहिलाच होता. हूकपट्टीवरची मूठ एकेक बोट करून सोडवावी लागली. सोडवताना मी त्याला काहीबाही बोलले, ते लिहीत नाही. जिन्याच्या दाराआड येऊन उभी राहिले. खाली दर्शनाला माणसं यायला लागली होती. आमचे हे, जे गावात कुणाशी वाकडं बोलत नाहीत, ते उंबऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले आणि येईल त्याला पेपरातून मान वर न करता सांगत होते, “आज देव भेटत नाई.” मला त्यांचा फार अभिमान वाटला. तसं मी त्यांना बोलून दाखवलं नाही, डोक्यावर बसतील.

टोळी लिंबावरून आली. आधी एक तरणी वानरीण टोपलीशी गेली, वाकली, हुंगलं आणि एकदम दचकून मागे उडाली. कानातला शेंदूर. मला खात्री आहे तो शेंदूरच. पिल्लू ओरडायला लागलं. बारीक, फाटका आवाज. ती परत जवळ येईना. बाकीच्या कठड्यावर बसून नुसत्या पाहत होत्या. मला वाटलं संपलं. आम्ही त्याला देव केलं आणि कुणाचंच ठेवलं नाही. दाराची कडी धरून मी उभी होते.

मग शेपूटतुटकी आली. काल मी जिच्यावर पट्टी उगारली तीच. तिने हुंगलं-बिंगलं नाही. सरळ टोपलीत हात घातला, पिल्लू उचललं, उलटं केलं, सुलटं केलं आणि कान चोखून साफ करायला लागली. ते इख तिच्या पोटात चाललंय हे मला दिसत होतं, आणि काही करता येत नव्हतं. दुसरी सरकली. तिने घेतलं. तिच्याकडून तिसरीने ओढून घेतलं. मघाची घाबरलेली तरणी आली, तिनेही घेतलं. एकीच्या काखेखालून, दुसरीच्या खांद्यावरून, या हातातून त्या हातात. मी दाराआडून पुटपुटले, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. रडू आणि हसू एकदमच आलं. शेवटी ते एका लेकुरवाळीकडे पोचलं. तिच्या एका बाजूला तिचं स्वतःचं होतं. तिने दुसरी बाजू मोकळी करून दिली.

त्या रांगेत लेकुरवाळ्या किती आणि बाकीच्या किती, ते मला ओळखता आलं नाही. त्यांनाही कुणी विचारल्यासारखं दिसलं नाही.

मान वळवली तर पलीकडच्या गच्चीवर जाऊ उभी होती. हातात वाळत घालायची दुपटी तशीच. ती कधीपासून पाहत होती कोण जाणे. तिने डोळे पुसले, दुपटं दोरीवर टाकलं आणि म्हणाली, “आंघोळ करून लवकर येजो. पाळना सजवायचा हाये.”

वनखात्याचा माणूस आला तोवर टोळी डोंगराकडे निघाली होती. भाचीला कळवलं. ती म्हणाली, घेतलं म्हणजे अर्धं काम झालं, पुढचं त्यायच्या हाती.

दुपारी बारसं. पाळण्याला जास्वंदीच्या माळा. लेकराला माझी कुंची घातलेली, लेस बरोबर गळ्याशी. रांग लागायला लागली तशी मी सवयीने उठले. या वेळी कुणाला घुगऱ्या आठवल्या नाहीत. जाऊ पाळण्याजवळ उभी होती. ती एक पाऊल बाजूला सरली आणि तिच्याशेजारी एका बाईपुरती जागा झाली. लेकराची आई, जावेची सून, वरून लेकरू धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केले. “काकू, घ्या ना.”

ते दोन्ही पाय हलवत होतं. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या पाहण्यात त्या दिवशी काहीही वाकडं नव्हतं. मला फक्त हात वर करायचे होते. शेपूटतुटकीला तेवढाही वेळ लागला नव्हता.

मी म्हटलं, “थांब व माय, माह्ये हात ओले हायेत,” आणि पदर खोचून घुगऱ्या पाहायला आत गेले.

माझे हात कोरडे होते.